नाचणा पिकवणाऱ्यांची खरी अडचण

डोंगरी भागातल्या गरीब कुटुंबांनी सेंद्रिय शेती आणि परसबाग धरली की कुपोषण हटेल, असं एका लेखात वाचलं. परसबागेचं पटतं. शेवगा, घेवडा, भोपळा दारातच असेल तर पोरांच्या ताटात रोज काहीतरी पडतं. पण आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीच्या वाड्यावस्त्यांवर शाश्वत शेती शिकवायला जाण्याआधी तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा. उताराच्या हलक्या, वरकस जमिनीत नुसत्या पावसावर नाचणा आणि वरी त्यांनी पिढ्यान् पिढ्या पिकवली. 100 ग्रॅम नाचण्यात 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याचा दहावा हिस्साही नाही.

मग हे पीक मागं का पडलं? गव्यांचा कळप शिरला की एका रात्रीत उभं रान जातं. वरी सडायला, म्हणजे तिची साल काढायला, जवळ यंत्र नाही, बायकांनी उखळात किती कांडायचं? त्यात रेशनवर तांदूळ-गहू फुकट मिळतो, मग एवढे कष्ट कोण आणि कशासाठी घेणार? खरं तर 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात रेशनवर नाचण्यासारखं भरडधान्य द्यायचीही सोय आहे. शेजारच्या कर्नाटकात सरकार हमीभावानं नाचणी खरेदी करून रेशनवर देतं, आणि ती सीमा आपल्यापासून तासाभरावर आहे.

आपल्या डोंगरातला नाचणा सरकारनं गावातच विकत घ्यावा आणि तिथल्याच अंगणवाडीत, रेशन दुकानात द्यावा. सोबत चार-पाच वाड्यांत मिळून एक सडण्याचं यंत्र आणि शेतांना सामूहिक कुंपण. प्रशिक्षण शिबिरं त्यानंतर घ्या.