उशिरा आलेल्या वहीला पूर्ण गुण का देते?

नमस्कार सर,

तुम्ही लिहिलंत की उशिरा वही देणाऱ्याला पूर्ण गुण देणं हा वेळेवर देणाऱ्यांवर अन्याय आहे आणि अशानेच शाळेच्या हातात असलेल्या अंतर्गत गुणांची खैरात होते. आयुष्य शाळेत घालवलेल्या माणसाचे हे शब्द, म्हणून मनाला लागले.

खैरातीचं आधी. 2019 च्या दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले होते. पुस्तकंही त्याच वर्षी बदलली होती. राज्याचा निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल 95.30 लागला. त्यामुळे लोक आमच्याकडे संशयाने बघतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. वही न उघडता अख्ख्या वर्गाला 20 पैकी 18 टाकले जातात, खैरात ती. मी वही उघडते, सर.

जानेवारीत पायथागोरसच्या प्रमेयावर गृहपाठ दिला होता. बाजू 8 आणि 15, कर्ण काढा. अकरा वह्यांत 15 चा वर्ग 255 लिहिलेला, पुढच्या ओळीत बेरीज मात्र 289 आणि कर्ण 17! एकाने लिहिताना चूक केली, दहा जणांनी ती उतरवली. अकराही वह्या वेळेवर आल्या होत्या.

नऊ दिवसांनी एका मुलीची वही आली. दिवाळीनंतर तिचे आईवडील ऊसतोडीला गेलेत. घरी आजी आणि दोन धाकटे भाऊ, चूल तिच्याकडे. त्याच गणितापाशी खोडून खोडून कागदाला भोक पडलेलं. शेजारी तिने त्रिकोण पुन्हा काढला होता आणि 225 बरोबर लिहिले होते. तिच्या नावापुढे शून्य टाकलं असतं, तर तिला प्रमेय येत नाही असंच मी मंडळाला कळवलं असतं. आणि ते खोटं होतं. शिवाय 8, 9, 8 मिळवणाऱ्या मुलाला एक शून्य दिलं की सरासरी सव्वासहावर येते. त्याचं गणित तेवढं कच्चं झालेलं नसतं.

तुमचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. एका मुलाने तोंडावर विचारलं होतं, "बाई, मग मी रात्री जागून कशाला केलं?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर पद्धत बदलली. वेळेवरची वही आठवड्यात परत मिळते, चुका दुरुस्त करून गुण वाढवता येतात. उशिराची वही एकदाच तपासते. आठवडा उलटला की गृहपाठ शाळा सुटल्यावर माझ्यासमोर बसून करायचा. तिथे उतरवायला कुणाची वही नसते. मंडळाकडे गुण पाठवायच्या आदल्या दिवशी मात्र माझंही दार बंद होतं, हे मुलांना जूनमध्येच सांगितलेलं असतं.

नोकरीत मुदत म्हणजे मुदत, असं तुम्ही म्हणता. पण तिथे काम राहिलं तर पूर्ण करूनच घेतात ना? शून्य देऊन मोकळं होणं म्हणजे मुलाला त्या कामातूनच सोडून देणं.

या वर्षी दोन मुलांनी अजून एकही वही दिलेली नाही. त्यांच्या नावापुढे मी पेन्सिलीने 'अपूर्ण' लिहून ठेवलंय. उद्या मधल्या सुट्टीत दोघांना बोलावलंय.