गंगाराम जर्मनीत आला असता तर

दादा कोंडक्यांचा 'राम राम गंगाराम' (1977) यावरून आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा चांगलीच जुंपली. चुलतभाऊ म्हणतो असले पिक्चर म्हणजे खेड्यातल्या माणसाची टिंगल, शहरातल्यांनी दात काढावेत म्हणून केलेली. काका म्हणाले टिंगल कसली रे, आपलाच माणूस आहे तो. मी इकडे जर्मनीत बसून वाचत होतो, मला काकांचं पटतं, पण माझं कारण वेगळंय.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी, गंगाराम खेड्यातला साधा गडी, अचानक मोठी इस्टेट नावावर येते आणि तो मुंबईत येऊन पडतो, मग त्याच्या पैशावर डोळा ठेवून माणसं जमतात. गंगी उषा चव्हाण, आणि म्हमदू खाटीक म्हणजे अशोक सराफ, तो तर भाव खाऊन जातो. डबल मिनिंग भरपूर, आणि बायकांवरचे काही जोक आज अजिबात चालत नाहीत, ते मान्य.

पण टिंगल गंगारामची नाहीये ना! हसं होतं ते शहरातल्या लबाडांचं. आणि दादा स्वतः लालबाग-नायगावच्या चाळीत वाढलेले, गिरणगावातला प्रेक्षक कोण तर सातारा-कोकणातून आलेले कामगार. गाववाल्यांच्या एका खोलीत दाटीवाटीनं राहायचं, पाळीप्रमाणे झोपायचं, खानावळीत जेवायचं आणि गाववाल्याच्या ओळखीनं गिरणीत चिकटायचं. मुंबई कशी चालते ते तिथेच शिकायचं, सरकारनं काही शिकवलं नाही.

इथे ते सरकार शिकवतं. 2005 पासून बाहेरून येऊन इथे राहणाऱ्यांसाठी इंटिग्रेशन कोर्स आहे, साधारण 600 तास भाषा आणि वर 100 तास कायदे, इतिहास, समाज वगैरे. उत्तम सोय आहे, मुंबईत येणाऱ्या बिहारी पोराला किंवा मराठवाड्यातल्या पोराला असं काही मिळालं तर निम्मी भांडणं मिटतील असं मला खरंच वाटतं. पण कोर्समध्ये तुमच्याबरोबर हसणारं कोणी नसतं हो. गिरणगावातला नवखा माणूस चुकला की खोलीभर लोक हसायचे आणि मग तेच त्याला ट्राममध्ये कसं चढायचं ते दाखवायचे.

आणि आपण इथले मराठी? लातूर-बीडकडची पोरं मास्टर्सला येतात, ट्रेनमध्ये मोठ्यानं फोनवर बोलतात, की लगेच पुण्या-मुंबईचे जुने लोक 'काय गावठी आहेत' म्हणून तोंड वाकडं करतात. अरे, जर्मन माणसाच्या लेखी तुम्ही दोघं एकाच गावचे! गंगाराम निदान आपल्या बोलीला लाजत नाही, आपण मात्र ट्रेनमध्ये मराठी बोलताना आवाज खाली घेतो.

मंडळाच्या दिवाळीला हा पिक्चर लावूया असं मी सुचवलं होतं. कमिटीचं उत्तर, "फॅमिली ऑडियन्स आहे हो." त्यातले निम्मे जण तरी दादांची गाणी पाठ असलेले निघतील, पैज लावतो.