रात्रीचा प्रयोग, सकाळचं तिकीट

सप्टेंबर २०२५मध्ये आमच्या फ्रिजवर दोन कॅलेंडरं होती. एक सासूबाईंनी कणकवलीहून बॅगेत गुंडाळून आणलेलं कालनिर्णय. दुसरं नवऱ्याने ऑफिसच्या प्रिंटरवर रंगीत छापून आणलेलं, फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्ड या मनोरंजन-नगरीच्या तिकीटदरांचं. पहिल्यात कुठल्या दिवशी काय करू नये ते होतं, दुसऱ्यात कुठल्या दिवशी काय परवडणार नाही ते. तो अख्खा महिना आम्ही या दोन चुंबकांच्या मधे काढला.

सुरुवात लेकीने केली. तिच्या वर्गातली एक मुलगी म्हणे हॅलोविनच्या, म्हणजे इथल्या भुतांच्या सणाच्या, मोसमात फ्लोरिडाला जाऊन तीन पिशव्या चॉकलेटं घेऊन आली होती. चॉकलेटं आमच्या न्यू जर्सीत शेजारच्या दुकानातही मिळतात, पण हा मुद्दा घरात कुणी विचारात घेतला नाही. नवऱ्याने "बघूया" म्हटलं आणि लॅपटॉप उघडला. आमच्याकडे "बघूया" म्हणजे एक्सेल.

आता तिकीट म्हणजे काय, तर मला वाटलं होतं चार माणसं, चार तिकिटं. पण तिथे एक बाग नाही, चार आहेत: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम. प्रत्येक तारखेचा दर वेगळा. एका दिवसात एकीहून जास्त बागा करायच्या तर त्याचे वर पैसे, त्याला हॉपर म्हणतात. सासूबाईंना मी समजावून सांगितलं तर म्हणाल्या, "एका दिवशी दोन गावच्या जत्रा कोण करता गो?" नवऱ्याने हॉपरचा रकाना निमूटपणे पुसला.

मग रांग. रांगेत कमी उभं राहायचं असेल तर लायटनिंग लेन नावाचा आणखी एक पास. त्यातही मल्टी आणि सिंगल असे प्रकार. त्यांच्याच हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आधी बुकिंग, बाकीच्यांना तीन दिवस आधी, सकाळी सातच्या ठोक्याला. सासूबाईंना याचं मात्र काही नवल वाटलं नाही. "बालाजीक तीनशे रुपये घेतत," एवढंच म्हणाल्या आणि वाटाणे सोलत राहिल्या.

वयाचं प्रकरण त्याहून नाजूक. तीन वर्षांखाली फुकट, तीन ते नऊ मूल, आणि दहाव्या वर्षापासून प्रौढ. न्यू जर्सीत स्वतःची गाडी चालवायला सतरा लागतात, मत द्यायला अठरा, बिअर प्यायला एकवीस. फ्लोरिडातल्या उंदराच्या लेखी मात्र माणूस दहाव्या वर्षी मोठा होतो. आमच्या लेकीला ऑक्टोबरच्या मध्यावर दहा पूर्ण होणार होती. नवऱ्याने तिचा वाढदिवस लाल रंगात रंगवून त्याआधीच जायचं ठरवलं. वाचणार किती? थोडकेच डॉलर. त्या तारखांना विमान दीडशेने महाग होतं, पण ते दुसऱ्या शीटवर होतं.

सासूबाईंना हे अर्ध्या तिकिटाचं गणितच पटेना. एसटीत बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट, हे त्यांना पाठ. शिवाय पंचाहत्तरी ओलांडल्यापासून त्या स्वतः एसटीने फुकट फिरतात. कणकवली ते मालवण, काही काम नसतानासुद्धा. शहात्तराव्या वर्षी आपल्याला पूर्ण तिकीट, आणि तेही जवळजवळ नातीइतकंच, हे ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला. "आधार कार्ड दाखवलंस?"

पण खरा घोळ पुढेच होता. हॅलोविनची म्हणून जी मजा, ती या कुठल्याच तिकिटात नव्हती. मॅजिक किंगडममध्ये ऑगस्टपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत ठरावीक रात्री एक वेगळी पार्टी असते. नावातच सांगितलंय की मिकीची ही पार्टी फारशी भीतिदायक नाही. १९९५ साली एका रात्रीपुरती सुरू झालेली, आता अडीच महिने चालते. तिचं तिकीट वेगळं. त्याचेही रोज दर वेगळे. ऑगस्टातली स्वस्त रात्र आणि खुद्द हॅलोविनची रात्र यांत माणशी शंभरावर डॉलरचा फरक. पार्टी सात ते बारा. आणि त्या दिवशी साध्या तिकीटवाल्यांसाठी बाग सहालाच बंद.

"भुतां बघूक पैशे?" सासूबाईंनी पहिल्यांदाच वाटाण्यांची परात बाजूला ठेवली.

मी सांगितलं, मिरवणूक असते, तिच्यापुढून मुंडकं नसलेला घोडेस्वार दौडत जातो. त्यावर त्या जरा सावरून बसल्या. मुंडकं नसलेला म्हटल्यावर त्यांना रस आला. मग दशावताराचा विषय निघाला. काळा बुरखा घातलेला संकासुर पोरांच्या मागे धावतो, पोरं देवळाच्या पायऱ्यांवरून घरंगळतात, आणि त्याला तिकीट नाही. "शिवाय आमचा बारा वाजता सुरू होता. ह्यांचा बारा वाजता संपता!"

दरम्यान मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवऱ्याने, कुठल्या दिवशी कुठलं तिकीट काढावं, असा एक साधा प्रश्न टाकला होता. अठ्ठावीस उत्तरं आली. त्यातली वीस "आम्ही गेलो होतो तेव्हा" अशी सुरू होत होती आणि तेव्हा म्हणजे करोनाच्या आधी. एकाने, पार्टीच्या दिवशी सकाळी गर्दी कमी असते म्हणून त्याच दिवशी साधं तिकीट काढा, असं सुचवलं. दुसऱ्याने, सहाला बाहेर काढतात म्हणून त्या दिवशी मुळीच काढू नका, असं. दोघंही बरोबर होते, हीच पंचाईत. एका कॉलेजातल्या पोराने युनिव्हर्सल या तिथल्याच दुसऱ्या मनोरंजन बागेतल्या हॅलोविन हॉरर नाइट्सची शिफारस केली, खरी भुतं तिथेच म्हणून. पण ते तेरा वर्षांखालच्यांसाठी नाही असं तेच सांगतात, आणि वेष करून यायला तर सगळ्यांनाच बंदी. लेकीची परी शिवून झाली होती. तो रकाना गेला.

नवऱ्याचं एक्सेल आता अकरा शीटांचं झालं होतं. आठ सप्टेंबरला त्याने आमच्यासाठी चार दिवसांची चार साधी तिकिटं आणि वर पार्टीची चार तिकिटं अशी टोपली भरली. पैसे भरायचं बटण दाबणार, एवढ्यात फ्रिजपाशी उभ्या सासूबाई म्हणाल्या, "आज म्हाळ सुरू झाले."

पितृपक्षात काही विकत घ्यायचं नाही. गौरी-गणपती आटोपून त्या इथे आल्या त्याच मुळी म्हाळाच्या आधी पोहोचायचं म्हणून. नवऱ्याने सांगून पाहिलं की तिकीट ही वस्तू नाही, क्यूआर कोड आहे. मग स्वस्त रात्री विकल्या जातील अशी भीती घातली. त्या हलल्या नाहीत. पितर जेवायला यायच्या पंधरवड्यात भुतांची तिकिटं काढायची, यात त्यांना दोन्ही पक्षांचा अपमान दिसत होता. मला खरं तर त्यांचं पटलं, पण मी तेव्हा भांडी घासत होते.

दिवाळीत जाऊ, हा त्याचा पुढचा प्रस्ताव. आमच्या भागातल्या शाळांना तेव्हा सुट्टी असते. सासूबाईंनी विचारलं, "चावदिसाक कारीट खंय फोडतलंस? हॉटेलच्या लिफ्टीत?" तोही रकाना गेला. कोलंबस डेच्या सुट्टीला तर सगळी ईशान्य अमेरिकाच खाली उतरते.

मग एका संध्याकाळी त्या ते रंगीत कॅलेंडर फ्रिजवरून काढून टेबलावर घेऊन बसल्या. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत हजेरीपट भरलेला हात. पेन्सिल चौकटींवरून फिरत होती.

"पार्टी सात वाजता. पण तिकीटवाल्यांका चार वाजता आत सोडतत मा?"

"हो आई, चारला सोडतात."

"मगे त्याच दिवसाचा सकाळचा तिकीट कित्याक? रात्रीच्या नाटकाक जाताना दुपारच्या प्रयोगाचा तिकीट कोण काढता?"

स्वयंपाकघरात शांतता पसरली. चार ते बारा, आठ तास, एकाच तिकिटात. अकरा शीटांत हे कुठेच नव्हतं. नवऱ्याने लॅपटॉप स्वतःकडे वळवला, चारांतला एक साधा दिवस काढून टाकला आणि बेरीज खाली आलेली पाहून आईकडे असं बघितलं की जणू पाढे म्हणताना चुकला होता.

"आणि शाळा?" मी विचारलं. कोजागिरीच्या आठवड्यातली मधल्या वाराची रात्र सगळ्यात बरी पडत होती, पण शाळा चालू.

"पोटात दुखता म्हणून सांग," निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या.

बावीस सप्टेंबरला घट बसले. नवऱ्याने आंघोळ करून, कपाळाला गंध लावून पैसे भरले. धरून ठेवलेली रात्र मधल्या काळात विकली गेली नव्हती. हे पितरांमुळे की मधला वार म्हणून, यावर घरात अजून एकमत नाही.

दुपारी मी दुधाचा हिशोब बघायला कालनिर्णयचं पान उलटलं. ऑक्टोबरात, कोजागिरीच्या शेजारच्या चौकटीत, "वाटाणे संपले" याच्या खाली पेन्सिलीने लिहिलं होतं: भुतां. ४ वाजता. स्वेटर घेवचा.