‘बारा विरुद्ध दहा’ या दाव्यात काय चुकते

चवथ जवळ आली की म्हापसा, फोंडा, मडगाव इथल्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक मजकूर फिरू लागतो. त्याचा सारांश असा: एक्सबॉक्स सिरीज एक्स या मायक्रोसॉफ्टच्या गेमिंग यंत्राची शक्ती 12 टेराफ्लॉप्स (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणिते) आणि सोनीच्या प्लेस्टेशन 5 ची जेमतेम 10, म्हणून एक्सबॉक्सवर प्रत्येक खेळ सरस चालतो, डेव्हलपर, म्हणजे खेळ बनवणारे, ताकदवान यंत्राकडेच वळतात, आणि पुढेमागे प्लेस्टेशनवर मोठे खेळ येईनासे होतील, तेव्हा आखातातल्या काकाला किंवा बोटीवरच्या मामाला काय आणायला सांगायचे ते आताच ठरवा.

आकडे खोटे नाहीत, पण ते येतात कुठून हे पाहावे. दोन्ही यंत्रांत एएमडी या चिप कंपनीच्या आरडीएनए 2 घराण्यातलीच ग्राफिक्स चिप आहे. एक्सबॉक्समध्ये 52 कम्प्यूट युनिट (चिपमधले गणित करणारे गट) 1.825 गिगाहर्ट्झने, म्हणजे सेकंदाला 1.825 अब्ज ठोक्यांनी, चालतात, तर प्लेस्टेशनमध्ये 36 युनिट जास्तीत जास्त 2.23 गिगाहर्ट्झने. प्रत्येक युनिटात शेडर नावाचे 64 छोटे गणक आणि प्रत्येक शेडरची दर ठोक्याला दोन गणिते, असा गुणाकार केला की अनुक्रमे 12.15 आणि 10.28 ही उत्तरे मिळतात. म्हणजे हा आकडा कुठल्याही खेळात मोजलेला नाही. एकही युनिट क्षणभर रिकामे न राहिल्यास गाठता येईल अशी ती कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात युनिटे मेमरीतून माहिती येण्याची वाट पाहत खोळंबतात, आणि त्रिकोण रचणे, पिक्सेल लिहिणे अशी कामे करणारे चिपचे इतर भाग क्लॉकच्या, म्हणजे याच ठोक्यांच्या, वेगावर अवलंबून असल्यामुळे तिथे प्लेस्टेशनचा चढा वेग कामी येतो. एक्सबॉक्सच्या 16 जीबी मेमरीपैकी 10 जीबी सेकंदाला 560 जीबीच्या वेगाने चालते, पण उरलेली 6 जीबी 336 च्याच. प्लेस्टेशनची सगळी मेमरी 448 च्या एकसारख्या वेगाची आहे. खेळ साठवणाऱ्या एसएसडीच्या बाबतीत तर पारडे उलटते: सेकंदाला प्लेस्टेशनची 5.5 जीबी, एक्सबॉक्सची 2.4. काही खेळांत एक्सबॉक्सचे रिझोल्यूशन (चित्रातल्या पिक्सेलांची संख्या) खरोखरच जास्त असते, हे मान्य करायलाच हवे. ‘प्रत्येक खेळात’ हे मात्र निखालस चूक आहे.

डेव्हलपर ताकदीमागे जातात, हा दावा तर इतिहासाला धरून मुळीच नाही. 2000 साली आलेला प्लेस्टेशन 2 हा 2001 च्या पहिल्या एक्सबॉक्सपुढे आणि निन्टेंडोच्या गेमक्यूबपुढे दुबळाच होता, तरी त्याची विक्री 15 कोटींच्या पुढे गेली, तर ते दोघे मिळून पाच कोटींच्या आत राहिले. ग्राहक जिथे, तिथे खेळ. उलट प्लेस्टेशन 3 चा सेल प्रोसेसर कागदावर दांडगा होता, पण त्यातल्या सहाय्यक गाभ्यांना प्रत्येकी अवघी 256 केबी स्वतःची मेमरी होती आणि तिच्यात माहिती आणण्या-नेण्याची उस्तवार प्रोग्रामरलाच करावी लागे. परिणामी दोन्हीकडे निघालेले अनेक खेळ त्याचा तेव्हाचा प्रतिस्पर्धी एक्सबॉक्स 360 वरच अधिक सुरळीत चालत. (त्या काळी प्लेस्टेशनचे भक्त हाच ताकदीचा युक्तिवाद उलट्या बाजूने करीत असत!)

शिवाय एक्सबॉक्ससाठी खेळ करणाऱ्याला केवळ सिरीज एक्सचा विचार करून भागत नाही. 4 टेराफ्लॉप्स आणि 10 जीबी मेमरीच्या धाकट्या सिरीज एसवरही तो चालवावा लागतो. बाल्डर्स गेट 3 हा खेळ सप्टेंबर 2023 मध्ये प्लेस्टेशन 5 वर आला. एक्सबॉक्सवर मात्र डिसेंबर उजाडला, कारण एकच पडदा दोघांत विभागून खेळण्याची सोय सिरीज एसला पेलत नव्हती. अखेर त्या यंत्रापुरती ती वगळावी लागली.

राहिले प्लेस्टेशनवर मोठे खेळ येईनासे होतील हे भाकीत. घडले ते उलटेच: मायक्रोसॉफ्टने स्वतःचा फोर्झा होरायझन 5 हा खेळ एप्रिल 2025 मध्ये प्लेस्टेशन 5 वर आणला आहे.