आधी पेव्हर, मग खोदाई!

झालं, परत खणला! समुद्राकाठचा तोच फुटपाथ, उखडलेले तेच पेव्हर आणि शेजारी मातीचा तोच ढीग. उपनगर वाढतंय, नव्या इमारती उभ्या राहतायत, म्हणजे पाणी, सांडपाणी, वीज, इंटरनेट या सगळ्याच्या लाइनी येणारच. यात भविष्य सांगण्यासारखं काय आहे? त्या इमारतींचे नकाशे पालिकेच्याच टेबलावरून मंजूर होऊन गेलेत ना! तरी पहिलं काम कशाचं निघतं? सुशोभीकरणाचं.

अहो, सगळ्यात खोल जातं ते सगळ्यात आधी. सांडपाण्याची लाइन उतारावर चालते, तिला मध्येच वर उचलता येत नाही, म्हणून ती पहिली. मग पावसाळी गटार, मग पाण्याची पाइपलाइन, मग केबल आणि सगळ्यात शेवटी पेव्हर. शिवाय दर चौकात रस्त्याखालून ११० मिमीचे दोन-तीन रिकामे पाइप आडवे टाकायचे, आत नायलॉनची दोरी सोडायची, तोंडं बंद करायची. पुढच्या वेळी कुणी केबल घेऊन आलं की दोरीला बांधून ओढली, विषय संपला. एवढं सोपं आहे, म्हणूनच बहुतेक होत नसावं.

आणि खोदाई बुजवणं? माती परत आत ढकलायची, जेसीबीचं बकेट वरून दोनदा आपटायचं, झाला रस्ता ‘पूर्ववत’! १५०-१५० मिमीचे थर, माती कोरडी असेल तर पाणी मारून, प्रत्येक थरावर कॉम्पॅक्टर, म्हणजे माती दाबणारं यंत्र, ही साधी रीत आहे. एक मीटर भुसभुशीत भराव एका दमात टाकला तर पहिल्याच जोरदार पावसात तो खचणार. मग ‘पेव्हरच खराब’ म्हणून बोंब. खालची जमीनच बसली तर पेव्हर काय करणार बिचारा!

पेव्हरखालची वाळू ३० ते ४० मिमी आणि सगळीकडे सारखीच हवी. ठेकेदार काय करतो? खालचा खडीचा थर ओबडधोबड ठेवतो आणि लेव्हल वाळूने काढतो. इथे २० मिमी, तिथे ९०. जिथे ९०, तिथे वर्षभरात डबकं. सांधे २ ते ४ मिमी ठेवून त्यात बारीक कोरडी वाळू झाडूने भरायची, कॉम्पॅक्टर फिरवायचा, परत भरायची. ही ‘परत’ कुणीच करत नाही. कडेला काँक्रीटमध्ये पक्का बसवलेला कर्ब, म्हणजे काठाचा दगड, नसेल तर शेवटची रांग बाहेर सरकते आणि तिच्यामागून बाकीच्या सैल होतात. वर कहर म्हणजे समोर किनारा आहे म्हणून तिथलीच वाळू! तिचे दाणे गोल, एकाच मापाचे; ती घट्ट बसत नाही, आणि तिच्यातलं मीठ पेव्हरवर पांढरं फुटतं ते वेगळंच.

मिठाचं तर कुणाच्या गावीच नाही. टेंडरमध्ये नुसतं ‘स्टेनलेस स्टील रेलिंग’ लिहिलं की २०२ ग्रेड, म्हणजे स्वस्तातलं स्टील, येतं आणि काही महिन्यांत तांबूस पडतं. ३०४ वरही डाग पडतात. खाऱ्या वाऱ्याला किमान ३१६ लागतं, त्यात गंज रोखणारं २-३ टक्के मॉलिब्डेनम असतं म्हणून. आणि ३१६ आणलंच, तर त्याला साधे लोखंडी बोल्ट! काँक्रीटच्या बाकांचीही तीच गत. सळईवर ५० मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचं आवरण, हवं, तिथे दगडाची कपची सरकवून १५ मिमीत काम उरकतात. क्षार आत पोहोचले की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी फुगतो आणि काँक्रीटची ढलपी निघते.

व्हीलचेअरच्या रॅम्पबद्दल तर बोलायलाच नको. १५० मिमीच्या कर्बला १:१२ उतार म्हणजे १.८ मीटर लांबी. बांधतात ६० सेंटिमीटरची घसरगुंडी, आणि तिच्या तोंडाशी खांब.

पण सगळ्यात संताप गटाराचा. त्याचं तोंड भरतीच्या पातळीखाली सोडलं तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला समुद्र उलटा वस्तीत शिरणार, हे शाळकरी पोरालाही कळेल. त्यासाठी तोंडावर एकेरी झडप हवी. पण झडप मिटलेली असताना पाऊस पडला तर पाणी जाणार कुठे? साठवण टाकी नाहीतर पंप लागतोच. इथे उलटंच! जे मोकळं मैदान पाणी मुरवत होतं त्यावरही फरशी टाकली. जुना डांबराचा थर न खरवडता नवा थर चढवून रस्ता उंच केला, घरं खड्ड्यात गेली.

आणि जिथे झडप बसवलीच आहे तिथे एक प्लॅस्टिकची बाटली फटीत अडकली की ती उघडीच राहते, बिजागरीवर शिंपले चढले की हलतच नाही. प्रत्येक मोठ्या उधाणाआधी ती ओहोटीच्या वेळी उघडून साफ करावी लागते. कामाच्या फलकावर उद्घाटकाचं नाव हातभर अक्षरांत लिहिता ना? मग ही झडप साफ करायची जबाबदारी कुणाची, तेही त्याच्याच खाली लिहा!