तीन नंबरला पेशंट

गेल्या मंगळवारी पेठ तालुक्यातील एका हॉटेलात माझ्या आजाराची जाहीर घोषणा झाली आणि ती अजून मनातून गेलेली नाही, म्हणून हे लिहीत आहे. नाशिकहून पेठ जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर. एका कागदावरील सहीसाठी गेलो होतो. सही मिळाली नाही, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पत्नीने सकाळी डबा देऊ केला होता आणि "वाटेत काहीतरी मिळेलच" असे मी बाणेदारपणे सांगितले होते, हेही येथेच कबूल करून टाकतो.

काहीतरी मिळते, यात शंका नाही. वडा मिळतो, भजी मिळतात, मिसळ तर आमच्या जिल्ह्यात मागावीही लागत नाही, नुसते बाकावर टेकले तरी समोर येते. परंतु महिनाभरापूर्वी रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी ७.९ निघाल्यापासून तेल, मैदा, साखर आणि द्राक्षे या चौघांशी असलेले माझे संबंध डॉक्टरांनी तोडले आहेत. त्यांतले द्राक्षांचे दुःख नाशिककरालाच कळेल.

"कमी तेलाचे काही मिळेल का?" मी मालकांना विचारले.

"तर्री वेगळी देतो ना, साहेब."

"वेगळी म्हणजे?"

"वाटीत. तुम्ही घ्या पाहिजे तेवढी."

"तर्री नकोच. फरसाणही नको. पावही नको."

"मग मिसळीत राहिलं काय?"

प्रश्न बिनतोड होता. मोड आलेली मटकी राहते, तीच नुसती उकडून, वर लिंबू पिळून द्या, असे मी नम्रपणे सुचवले. मालकांनी भिंतीवरचा दरफलक, जणू तो दुसऱ्याच कोणीतरी टांगला असावा अशा कुतूहलाने, वरपासून खालपर्यंत वाचला आणि निर्णय दिला, "नुसती मटकी हा आयटम नाही." मग गल्ल्यावरून पुढे वाकून, आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारले, "शुगर का?" त्या हळू आवाजाला भुलून मी मान हलवली. पुढच्याच क्षणी ते भटारखान्याकडे तोंड करून गरजले, "तीन नंबरला पेशंट आहे रे! मटकी कोरडी टाक!"

सहाही टेबलांनी माझ्याकडे पाहिले. पाच नंबरवरचे टोपीवाले बाबा तर आपली ताटली उचलून थेट माझ्यासमोर येऊन बसले. त्यांच्या ताटलीत जिलेबी होती.

"किती निघाली?"

मी आकडा सांगितला. त्यांना तो फारच किरकोळ वाटला असावा. "माझी तीनशे होती," ते म्हणाले, आणि एखाद्याने आपल्या उसाचा एकरी उतारा सांगावा तसा अभिमान त्यात होता. पुढची दहा मिनिटे त्यांनी मला जांभळाच्या बियांची पूड, कारल्याचा रस आणि पहाटे दवात अनवाणी चालणे यांची महती सांगितली. प्रत्येक उपायानंतर जिलेबीचे एकेक वेढे कमी होत होते. शेवटी न राहवून मी विचारले, "मग तुमची उतरली का?"

"मोजायचंच सोडलं," बाबा म्हणाले. "तेव्हापासून काही त्रास नाही."

मटकी आली. सोबत सॅलड म्हणून कोबी होता, कारण लासलगावला कांद्याचा भाव चढला की जिल्ह्यातल्या ताटांत कोबी येतो आणि भाव पडला की कांद्याचा ढीग. शेतकऱ्याचे कसे चालले आहे हे जाणून घ्यायला वर्तमानपत्र लागत नाही.

खरी चीड पुढेच आली. आतल्या दाराशी घरच्या बायका जेवायला बसल्या होत्या आणि त्यांच्या ताटांत नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाचे भुजे (उडदाचे घट्टसर कालवण) आणि खुरासणीची म्हणजे कारळ्यांची चटणी होती, म्हणजे डॉक्टरांनी माझ्या कागदावर लिहिलेले जवळजवळ सगळे. मी भाकरी मागितली. मालक खरोखर ओशाळले. "ती घरची आहे, साहेब. गिऱ्हाईकाला नागली कशी वाढायची? लोक काय म्हणतील?" समोरच्या डोंगरउतारावर राब, म्हणजे रोपांच्या जागेवर पसरलेला पालापाचोळा, जाळून, पावसात चिखलात उभे राहून याच लोकांनी ती नागली लावलेली असते. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. शहरात तिला रागी म्हटले की तिची बिस्किटे चकचकीत पुड्यांत जाऊन बसतात आणि मीही ती मुकाट्याने विकत घेतो. आणि ती जिथे पिकते तिथे पाहुण्याचा मान राखायचा तर मैद्याचा पाव. मालकांचा तरी काय दोष म्हणावा? नागली ही गरिबीची खूण आहे हे त्यांना आमच्यासारख्यांनीच पिढ्यान्पिढ्या शिकवले आहे. भाकरी मात्र मला अखेरपर्यंत मिळाली नाही, हे मी विसरलेलो नाही.

बिल पूर्ण मिसळीचे, ८० रुपये. मी दरफलकाकडे बोट दाखवले, तेव्हा मालक म्हणाले, "पाव, फरसाण, तर्री तुम्ही सोडली. आम्ही सोडायला सांगितली का?" मी पैसे ठेवले आणि शक्य तितक्या ताठ मानेने बाहेर पडलो. गाडीचे दार उघडतो तोच मागून वाढप्याची खणखणीत हाक आली,

"ओ पेशंट! भज्यांचं पार्सल राहिलं तुमचं!"

दारात बाबा जिलेबीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकत उभे होते. मी परत गेलो, पार्सल घेतले आणि त्यांच्याकडे न पाहता गाडी सुरू केली.