पोरानंच लेखी द्यायचं का?

होस्टेलातल्या रॅगिंगची बातमी वाचली, त्यात कॉलेजचे प्राचार्य म्हणतात लेखी तक्रारच आली नाही. अहो सर, फर्स्ट इयरचं पोरगं लेखी देईल कसं, त्याच होस्टेलात त्याच सीनियरसोबत राहायचंय त्याला, अन् आमच्या हिंगोली परभणीकडच्या खेड्यातलं पोरगं घरी बोललं तर बाप म्हणतो सोड शिक्षण, ये गावाकडं. राज्याचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा बघा, लेखी तक्रार पालक करू शकतात, शिक्षक पण करू शकतात. मग रेक्टर अन् मास्तर लोक काय करत होते? तक्रार आली की ७ दिवसात चौकशी, तथ्य दिसलं तर त्या सीनियरला सस्पेंड करून पोलिसात कळवायचं, कॉलेजच्या प्रमुखानं टाळलं तर गुन्ह्याला साथ दिली असंच धरतात. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) रॅगिंगसाठीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, होस्टेलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा ना.